बैलाचे ऋण आणि पोलादी शिल्प

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये कांस्याच्या चार भरीव ओतीव प्रतिमा सापडल्या. हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या जोडीला बैलांचा रथ होता. सर्वांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. रथाच्या लांब दांडीला दोन बैल जुंपलेले आणि मागे हाकणारा माणूस उभा. या प्रतिमा मिरवणुकीत ओढल्या जात असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. जुंपलेल्या बैलाला धातूत घडवण्याची परंपरा अहिल्यानगर जिल्ह्यात अशी प्राचीन आहे. त्यामुळे शेती व पशुपालनाचा वारसा सांगणारे पोलादी शिल्प आज गावात उभारायचे ठरले, तर ती मूर्ती होईल की स्मारक, हा प्रश्न जुन्याच वाटेने पुढे येतो.

मूर्तीला प्राणप्रतिष्ठा लागते आणि ती झाली की नित्यपूजा चुकत नाही. रूपाची मात्र अट नाही. शनिशिंगणापूरची शिळा निराकार आहे, छपराविना उघड्या चौथऱ्यावर आहे, तरी देव आहे. गुरे राखताना पडलेल्या वीरांच्या विरगळांवर खाली गाई व लढाई आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा कोरलेली असते. ते मुळात स्मारक, पण अनेक गावांत त्याला शेंदूर लागतो. म्हणजे ही सीमारेषा शिल्पकाराच्या हाती नाही, ती गाव ठरवते. शिल्पकाराच्या हाती एवढेच, की आदर कशाचा व्हावा.

त्याचे उत्तर पोळ्यात आहे. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेला बैलाचा खांदा शेकून त्याला हळद आणि तूप किंवा तेल चोळतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी जू मानेवर ठेवत नाहीत. पूजा होते ती झिजलेल्या खांद्याची, कष्टांची. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञही हेच सांगतो: प्राणिमात्रांचा वाटा द्यायचा असतो आणि तो रोज द्यायचा असतो. म्हणून शिंगे रोखून उसळलेला, पिळदार वळू चौकात उभा करणे ही या वारशाची चुकीची ओळख आहे. मान खाली, खांदा ठळक, पाठीशी राखणारा धनगर किंवा कुणबी, आणि चौथरा इतका ठेंगणा की लेकराचा हात खांद्याला लागावा, अशी रचना हवी.

साहित्यही कामातलेच असावे. नांगराचा झिजलेला फाळ, वखराची पास, गाडीच्या चाकाची धाव हे लोखंड खंडेनवमीला पुजले गेलेले असते. ते जोडून घडवलेल्या अंगावर लोकांच्या स्पर्शाने खांदा तेवढा उजळत जाईल.

जागा काष्टी किंवा घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराजवळची योग्य. २०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या, हे लक्षात घेता शिल्पाला लागूनच गुरांसाठी पाण्याचा हौद बांधावा आणि उन्हाळ्यात तो कोणी भरायचा, हे आराखड्यातच लिहिलेले असावे.