खोट ठाऊक असलेल्याचे मौन

वापरलेला महागडा डिजिटल कॅमेरा विकत घेताना जो नैतिक प्रश्न उभा राहतो, तो कॅमेऱ्याहून फार जुना आहे. विकणाऱ्याला वस्तूची जी खोट ठाऊक आहे, ती कोणी न विचारताही सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, की पारखून घेण्याची जबाबदारी सर्वस्वी घेणाऱ्याची? ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातली पाटी दुसऱ्या बाजूने कौल देते. स्मृतिकार, ग्रीक स्टोइक, इस्लामी परंपरा आणि मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत यांनी मात्र हा प्रश्न इतक्या सहज निकालात काढलेला नाही.

कॅमेऱ्याच्या बाबतीत प्रश्न टोकदार होतो, कारण हे यंत्र स्वतःच्या वापराची नोंद ठेवते. शटर किती वेळा उघडले-मिटले, हा आकडा निकॉनच्या फोटोंच्या फायलीत लिहिलेला सापडतो. इतर काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत तो संगणकाला जोडून काढावा लागतो. निकॉन डी-८५० चे शटर २,००,००० उघडझापींपर्यंत तपासलेले आहे, कॅनन ५डी मार्क-४ चे १,५०,००० पर्यंत. लग्नाचे काम करणाऱ्या छायाचित्रकाराच्या हातात हा आकडा काही हंगामांतच फुगतो. पण आकडा अर्धेच सांगतो. तासन्‌तास केलेले व्हिडिओचे चित्रण त्यात येत नाही, मिररलेस कॅमेऱ्यातले आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर सहसा त्यात मोजले जात नाही, आणि शटर बदलल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झालेली असू शकते.

म्हणून जाणकार खरेदीदार आकड्यावर थांबत नाही. तो लेन्सचे छिद्र एफ-१६ पर्यंत बारीक करतो, फोकस बिघडवून पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढतो आणि पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघतो. करडे, धूसर ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. ठिपक्याऐवजी रेघ दिसली तर तो ओरखडा, आणि तो जात नाही. मग टोपण लावून काही सेकंदांचा काळा फोटो काढायचा, त्यात लाल-निळे चमकते कण शोधायचे. लेन्समधून आरपार टॉर्च मारली की बुरशी असल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उजळतात. मुंबई-कोकणातला पावसाळा बघता ही तपासणी टाळून चालत नाही. स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर बॉडी कोणीतरी उघडलेली आहे. कार्डाच्या खाचेतल्या पिना, फ्लॅशची जागा, लेन्स बसते त्या कड्यातला सैलपणा हे सगळे हाताला आणि डोळ्याला कळते.

एक खोट मात्र या सगळ्या चाचण्यांतून निसटते. अलिबाग किंवा दापोलीच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचे फोटो काढताना कॅमेऱ्यावर लाट आली, खारे पाणी आत गेले, बॉडी पुसून वाळवली आणि ती चालू झाली, असे समजा. ती आज चालते, उद्याही चालेल. आतल्या सर्किटवर राहिलेले मीठ हवेतला दमटपणा ओढत राहते, तांब्याच्या वाटा गंजत जातात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कॅमेरा बंद पडतो. त्या दिवशीची लाट फक्त विकणाऱ्याला ठाऊक असते. पुढची सगळी चर्चा या एका कॅमेऱ्यावर घासून बघण्यासारखी आहे.

रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये, अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात बॅबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपाटर या दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद येतो. उदाहरण घराचे आहे. घर बाहेरून चांगले, पण राहायला रोगट. खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजके आहे, आणि हे मालकाखेरीज कोणाला माहीत नाही. डायोजिनीसचे म्हणणे असे की न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे; खरेदी करा अशी सक्ती कोणी केली नव्हती, ग्राहकाने आपली अक्कल वापरून व्यवहार केला. अँटिपाटर उलट सांगतो की वाट चुकलेल्याला वाट न दाखवणाऱ्याला अथेन्समध्ये जाहीर शाप होता, आणि जाणूनबुजून दुसऱ्याला फसू देणे त्याहून वाईट. सिसेरोने शिष्याची बाजू घेतली. त्याच्या मते प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नसते. पण जे कळण्यात समोरच्याचे हित आहे, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे म्हणजे लपवणेच. डायोजिनीसचा युक्तिवाद ज्या गृहीतावर उभा आहे, ते गृहीत खाऱ्या पाण्याच्या कॅमेऱ्यापुढे टिकत नाही: अक्कल वापरायला काही दिसावे तरी लागते.

स्मृतींची वाट निराळी आहे. मनुस्मृतीत भेसळीचा, निकस, वजनात कमी किंवा झाकून ठेवलेला माल विकण्याला मनाई आहे. याज्ञवल्क्यस्मृती याच्या पुढे जाऊन पारखण्याची मुदतच ठरवून देते: लोखंडाला १ दिवस, दुभत्या जनावराला ३, ओझ्याच्या जनावराला ५, रत्नांना ७, बियाण्याला १० दिवस. याच यादीत दासदासींच्या परीक्षेचीही मुदत आहे. माणसाला मालाच्या रांगेत बसवणारे हे वाक्य वाचताना अंगावर काटा येतो, आणि ते वगळून बाकीची यादी वाखाणणे अप्रामाणिक ठरेल. तरीही मुदतीमागची जाण खोल आहे. खोट उघडी पडायला वेळ लागतो आणि तो वेळ वस्तूच्या स्वभावावर ठरतो. दुकानात उभ्या उभ्या केलेली तपासणी बियाण्याला लागू पडत नाही. कॅमेऱ्याचे काही दोष बॉडी तापल्यावर, तासभर सलग काम केल्यावरच दिसतात. दोन-चार दिवस घरी नेऊन बघण्याची मुभा ही म्हणूनच मेहेरबानी नसून रास्त मागणी आहे.

नारदस्मृती मात्र खरेदीदाराला कडक शब्दांत बजावते. आधी स्वतः पारखावे, इतरांना दाखवावे. पारखून पत्करलेला माल परत करता येत नाही. वापरलेल्या, मळक्या, जीर्ण कपड्याविषयी तिचा वेगळा नियम आहे: तो सदोष असला तरी विकत घेतल्यावर विकणाऱ्याकडे परत जात नाही. जुना माल घेणाऱ्याने झीज धरूनच किंमत दिलेली असते, हा त्यामागचा विचार. यात तथ्य आहे, पण ते झिजेपुरतेच. कोपऱ्यावरचा उडालेला रंग, सैल पडलेले रबर, मोठा शटर-आकडा ही झीज झाली. पाण्यात बुडणे हा अपघात आहे, आणि जुनेपणाच्या नावाखाली तो खपवता येत नाही.

दिसणारी खोट आणि लपवलेली खोट हा भेद दोन दूरच्या परंपरांतही सापडतो. हदीसमध्ये प्रसंग आहे: पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा प्रश्न त्याला विचारला गेला. पाऊस पडला हा त्याचा गुन्हा नव्हता, कोरडे दाणे वर पसरले हा होता. तेराव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत थॉमस अ‍ॅक्वायनस लिहितो की घोडा एकडोळा असल्याचे समोर दिसतच असेल आणि किंमतही त्या मानाने उतरवली असेल, तर ते बोलून दाखवायची गरज नाही. पण ज्या लपलेल्या खोटीने ग्राहकाचे नुकसान होईल किंवा त्याला धोका पोहोचेल, ती सांगितलीच पाहिजे.

भारतीय कायदा या कसोटीला अर्धाच उतरतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे निव्वळ गप्प राहणे ही फसवणूक नाही, बोलणे कर्तव्य असेल किंवा मौनच बोलण्यासारखे असेल तेव्हाच ती फसवणूक होते. तिथले उदाहरणही घोड्याचे आहे. लिलावात खोट असलेला घोडा विकून गप्प राहणारा सुटतो. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर नात्यामुळे बोलणे भाग पडते. आणि घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निकोप आहे असे मी धरेन’, तर त्यानंतरचे मौन हे बोलणेच मानले जाते. १९३० च्या मालविक्री कायद्यात आणखी एक खाच आहे. व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असल्याची हमी गृहीत धरली जाते, पण खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हव्या होत्या अशा दोषांना ती हमी लागू होत नाही. जो काळजीपूर्वक बघतो त्याचा हक्क तेवढा आकसतो. तरी जे तपासणीत दिसणे शक्यच नव्हते, त्यावर हा अपवाद चालत नाही.

या सगळ्यातून वाटणी स्पष्ट होते. चाचणीच्या आवाक्यातले शोधणे हे घेणाऱ्याचे काम. चाचणीच्या आवाक्याबाहेरचे सांगणे हे विकणाऱ्याचे. ‘हवे तेवढे तपासून घ्या’ असे मोकळेपणाने म्हणणारा विक्रेता पहिल्या भागात चोख वागतो, पण लाटेविषयी गप्प राहिला तर त्याच मोकळेपणाचा पडदा करतो. विक्रेत्यालाच ठाऊक नसेल, कॅमेरा त्याच्याकडे तिसऱ्या हाताने आला असेल, तर ‘आधीचा वापर मला माहीत नाही’ एवढे सांगणे उरते. ती माहिती किंमत ठरवायला पुरेशी आहे.

कर्तव्य एकाच बाजूला नाही, याकडे अ‍ॅक्वायनसने लक्ष वेधले आहे. कोणी न कळून सोने पितळ समजून विकले आणि घेणाऱ्याला ते ओळखू आले, तर त्याने फरक भरून दिला पाहिजे, असे तो सांगतो. छायाचित्रकाराच्या निधनानंतर घरचे लोक कपाटातली बॅग काढून विकतात, तेव्हा असे घडते. बॉडी जुनी, तिची किंमत त्यांनी कोणाला तरी विचारलेली असते. तिला लावलेली लेन्स बॉडीच्या कितीतरी पट मोलाची आहे, हे त्यांना माहीत नसते. तिथे गप्प राहून पैसे मोजणारा जाणकार आणि लाटेविषयी गप्प राहणारा विक्रेता यांच्यात नैतिक अंतर काहीच नाही.