क्रौंचीचा आकांत

तमसेचं पाणी निर्मळ होतं. वाल्मीकींनी शिष्य भरद्वाजाला कलश काठावर ठेवायला सांगितलं, त्याच्याकडून वल्कल घेतलं आणि स्नानाआधी ते जरा रानात फिरले. समोर क्रौंचाची जोडी रमली होती. तेवढ्यात निषादानं नराला टिपलं. तो रक्तात लोळू लागला आणि मादीनं असा आकांत मांडला की ऋषींच्या तोंडून शाप निघून गेला.

शाप देणारा बहुधा तिथंच थांबतो. राग ओकून झाला की मन हलकं होतं. वाल्मीकी मात्र स्वतःच्याच शब्दांपाशी अडले. एका पाखरापायी आपण हे काय बोलून गेलो? पुन्हा पुन्हा म्हणून पाहताना उमगलं, हे बोलणं मापात उतरलंय. 4 चरण, प्रत्येकी 8 अक्षरं, वीणेवर गाता येईल असं. ते शिष्याला म्हणाले, हे शोकातून आलं, तर याला श्लोकच म्हणू. भरद्वाजानं तो तिथल्या तिथं पाठ केला.

शोक या शब्दाच्या मुळाशी ‘शुच्’ धातू आहे. जळणं आणि तळपणं, दोन्ही त्यात आहे. निर्मळ या अर्थाचा ‘शुचि’ही त्याच कुळातला. आपण शोकाला शोकसभेत नि शोकसंदेशात बसवून मोकळे झालो. वाल्मीकींना तसं मोकळं होता आलं नाही. आश्रमात प्रत्यक्ष ब्रह्मदेव समोर बसले होते, तरी त्यांच्या कानात क्रौंचीच रडत होती. ब्रह्मदेवांनी ते ओळखलं आणि याच छंदात रामकथा रचायला सांगितलं.

मला मोलाचं वाटतं ते पुढचं, उत्तरकांडातलं. मुनींची मुलं धावत आली, नदीकाठी कुणी स्त्री एकटीच रडतेय म्हणाली. वाल्मीकी लगेच निघाले. लक्ष्मण सोडून गेलेली गर्भवती सीता होती ती. या खेपेला त्यांनी कुणाला शाप दिला नाही. तिला धीर दिला, आश्रमात आणलं, तापसींना सांगितलं, हिला जपा.

लव-कुश तिथंच जन्मले. वाल्मीकींनी त्यांना सारं रामायण शिकवलं आणि अश्वमेधाच्या वेळी नैमिषारण्यात त्या दोघांनी ते रामासमोर गायलं. ज्या राजानं सीतेला वनात धाडलं, त्याला तिची कहाणी तिच्याच मुलांच्या तोंडून ऐकावी लागली. ऐकता ऐकता ही मुलं कोण, ते त्याला कळलं. मग त्यानं सीतेला बोलावणं पाठवलं.