रात्रपाळीचे जेवण

आहारशास्त्र शिकलेल्या परिचारिकाच चहा-बिस्किटांवर राहतात, मग रुग्णाला पथ्य कोणत्या तोंडाने सांगणार, असे एका डॉक्टरांनी व्याख्यानाच्या ओघात म्हटले आणि सभागृह हसले. त्या हसण्याचा सल माझ्या मनात अद्याप आहे.

अवेळी खाण्याचे दुष्परिणाम सर्वश्रुत आहेत. रात्री आपला देह साखरेचा विनियोग दिवसाइतका नीट करीत नाही, त्यामुळे तोच भात मध्यरात्री रक्तातील साखर अधिक वाढवितो, एवढेच नमूद करतो. परंतु माणसाने लावून घेतलेली सवय आणि त्याच्यावर लादलेली रीत यांत मी नेहमीच भेद करीत आलो आहे. सवय स्वतःच्या निग्रहाने सुटते, लादलेली रीत वरिष्ठांच्या हुकुमावाचून हटत नाही. रात्री आठला रुजू झालेली अधिपरिचारिका बाराच्या सुमारास डबा उघडते, तोच कोणाचे सलाइन संपते, कोणाचा ताप चढतो, अपघात विभागातून नवा रुग्ण येतो, आणि पहाटे भाजी आंबल्यावर उभ्या-उभ्या घशाखाली उतरेल असा गोड चहाच तेवढा हाताशी उरतो. डब्यासोबत एखादे फळ, मूठभर शेंगदाणे नेता येतात, हे डॉक्टरांचे म्हणणे मला मान्य आहे; पण ते खाण्यालाही उसंत लागते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात रुग्णाच्या अन्नाविषयी दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि अन्न देण्याची वेळ चुकू नये याविषयी त्यांचा कटाक्ष विलक्षण आहे. हा कटाक्ष भरविणाऱ्या हातांच्याही वाट्याला यावयास हवा.

रुग्णालयांनी रात्रभर उपाहारगृह चालू ठेवावे, ही मागणी करण्यासाठी मी लेखणी उचलली होती. परंतु लिहिता लिहिता मला ती अपुरी वाटू लागली. खालच्या मजल्यावर ऊन अन्न तयार असले, तरी भरलेला वॉर्ड कोणाच्या हवाली करून तिने जिना उतरावा? कारखान्यांविषयीच्या १९४८ च्या कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली. वॉर्डात मात्र अशी विश्रांती कागदावर दिली, तरी कोणी चार्ज घेतल्यावाचून ती पदरात पडत नाही. मुंबईच्या गिरण्यांत गैरहजर कामगाराचा साचा बंद राहू नये म्हणून बदली कामगार उभा करण्याची वहिवाट होती. यंत्रासाठी जी तजवीज झाली, ती माणसासाठी अशक्य म्हणता येणार नाही.

म्हणून रुग्णालयांच्या अधीक्षकांना माझी विनंती आहे की, रात्रपाळीच्या प्रत्येक ड्यूटी-पत्रकात जेवणापुरती बदली परिचारिका नावानिशी नेमावी, आणि त्या वेळात तिला अन्य कामास जुंपण्याची मुभा कोणालाही ठेवू नये.