फक्कीतलं घर

नकाशा पुण्याहून आला होता. राजापूर तालुक्यातल्या एका गावात, पाच गुंठे जागेत, निवृत्त गुरुजींना स्वतःचं घर बांधायचं होतं. थोरल्या मुलाने हौसेने एका आर्किटेक्टबाईंकडून नकाशा काढून घेतला. खाली 18 बाय 22 फुटांचा हॉल, त्याच्या कोपऱ्यातून वर चढणारा गोल जिना, वर बाल्कनीच्या दोन बेडरूम. स्वयंपाकघर 8 बाय 10, आग्नेयेला. आग्नेयेबद्दल घरात एकमत होतं. मलाही इथे वास्तुशास्त्राचा वाद घालायचा नाही. सोबत एक रंगीत चित्र होतं. त्यात दारात मोटार उभी होती आणि पुढे कापलेली हिरवळ.

गुरुजींनी तो कागद सगळ्या वाडीला दाखवला. धाकट्या सुनेलाही दाखवला. ती भाकऱ्या थापत होती. "बघ गं, आवडलं ना?" त्यांनी विचारलं. हात पिठाचे होते, म्हणून तिने मान वाकवून लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे, बाबा." झालं. सुनेचं मत घेतलं असं गुरुजींना अगदी मनापासून वाटलं. माणूस चांगला होता, कुणावर आवाज चढवणारा नव्हता; पण ज्या प्रश्नात उत्तर आधीच बसवलेलं असतं, तो प्रश्न विचारून कुणाला काय कळणार? त्या घरात दिवसाचे सगळ्यात जास्त तास जी वावरणार, तिला नकाशा दाखवला गेला होता. विचारलं काहीच गेलं नव्हतं.

मिस्त्री जुना माणूस. जांभ्याच्या चिऱ्यात उभं आयुष्य गेलेलं. त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला, घडी घालून गुरुजींच्या हातात दिला आणि म्हणाला, "गुरुजी, पाया खणण्याआधी मला एक दिवस द्या. आणि घरातली सगळी माणसं द्या."

दुसऱ्या दिवशी दोरी, खुंट्या, गुण्या आणि फक्कीची गोणी घेऊन तो जागेवर आला. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार आणि तिरपे पाच फूट मोजून त्याने काटकोन धरला, दोऱ्या ताणल्या आणि संध्याकाळपर्यंत अख्खं घर जमिनीवर पांढऱ्या रेषांत काढलं. खरं माप, खऱ्या जागी. भिंती म्हणजे रेषा, दारं म्हणजे रेषेतल्या मोकळ्या फटी. फक्की तर पाया खणताना सगळेच मारतात. मिस्त्रीचं म्हणणं पुढचं होतं. "उद्या सकाळी सगळे इथे या. भांडी आणा, खाट आणा, आजींना आणा. दिवस इथे काढा. भिंतीतून कुणी जायचं नाही, दारातूनच."

ही युक्ती मला फार मोलाची वाटते. नकाशा वाचणं हे शिक्षणाचं काम आहे आणि घर बांधणाऱ्या बहुतेक माणसांना ते कुणी शिकवलेलं नसतं. शंभरास एक या प्रमाणात काढलेल्या नकाशात दहा फुटांची खोली तीन सेंटिमीटरची होते. तिच्यावर बोटं ठेवली की ती झाकून जाते. त्या बोटांखाली पलंग मावतो की नाही, पलंगावरून उठलेल्या माणसाला कपाटाचं दार लागतं की नाही, हे कळणार कसं? पायांना मात्र कळतं.

सकाळी धाकटी सून कामाला लागली. स्वयंपाकघराच्या रेषांत तिने शेगडी मांडली. विहीर, धुण्याचा दगड, कढीलिंब, नारळ सोलायची जागा, सगळं मागच्या अंगाला, स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर. पण नकाशात स्वयंपाकघराला मागचं दारच नव्हतं. मागे जायचं तर हॉलमध्ये यायचं, बोळातून वळायचं, मग बाहेर. पहिल्या दोन खेपा तिने नेमाने दारातून केल्या. तिसऱ्या वेळी कडेवर खरकट्या भांड्यांची पाटी होती. ती सरळ रेषेवरून गेली. मग ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली तीही रेषेवरूनच. दुपारपर्यंत त्या ठिकाणची फक्की पुसून गेली आणि दीड हात रुंदीची फट पडली.

"वहिनी, भिंतीतून गेलात," मिस्त्री म्हणाला.

ती ओशाळली. "हात भरलेले होते, लक्षात नाही आलं."

"ते बरं झालं," मिस्त्री म्हणाला आणि फटीच्या दोन्ही टोकांना त्याने खुंट्या ठोकल्या.

आजींची खाट त्यांच्या खोलीच्या रेषांत ठेवली होती, घराच्या उत्तर टोकाला. न्हाणीघर आणि संडास दक्षिणेला. आजी ब्याऐंशीच्या. त्या वॉकर घेऊन निघाल्या. खोलीचं दार अडीच फुटांचं. वॉकर तिरका करावा लागला. पुढे बोळ, बोळातून हॉल, हॉलमधून पुन्हा वळण. हॉलच्या मध्यावर त्या थांबल्या. "रात्री दोनदा उठावं लागतं मला," एवढंच म्हणाल्या. गुरुजी धावत खुर्ची घेऊन गेले. आई रात्री दोनदा उठते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. घराच्या नकाशात ते मोजायचं असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मिस्त्रीने मग चिऱ्यांवर चिरे रचून जिन्याच्या चार पायऱ्या केल्या, नकाशातल्याच मापाच्या. साडेसात इंच उंचीच्या आणि आतल्या बाजूला निमुळत्या होत गेलेल्या. गुरुजी चढले, पण उतरताना त्यांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला.

"वरच्या दोन खोल्या कुणाला?" मिस्त्रीने विचारलं.

"थोरल्याला. मे महिन्यात येतात, गणपतीत येतात."

"आणि एवढा हॉल?"

"गणपतीला भाऊबंद जमतात ना!"

"पण गणपती तर तुमच्या मूळ घरात बसतो, गुरुजी. तो इकडे आणणार?"

कोकणातल्या माणसाला यावर उत्तर नसतं. भावकीचा गणपती मूळ घर सोडत नाही. गुरुजी गप्प झाले.

दुपार चढली. एप्रिल संपत आला होता. मेच्या पहिल्या पंधरवड्यात या भागात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते; तेव्हा उन्हाचा ताप सांगायला नको. एकेक जण उठून सावलीला गेला. आजींची खाट हलवली, जेवणाची भांडी हलवली, सुनेने मुलाला पंच्यावर निजवलं. सगळे जमले ते जागेच्या पश्चिमेला, जुन्या फणसाखाली. थोड्या वेळाने गुरुजींनी सहज खाली पाहिलं. चारी बाजूंना फक्कीच्या रेषा होत्या. ते हॉलच्या बरोबर मध्यावर बसले होते. हॉलसाठी हाच फणस तोडायचा ठरला होता.

आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात कमी खर्चात हजारो माणसांची घरं उभी केली. तिरुअनंतपुरमजवळ खडकाळ उतारावर त्यांनी स्वतःचं घर बांधलं, तेही उताराला धरून. जागेवरचं झाड आणि चढउतार आधी, रेषा मग, हा त्यांचा शिरस्ता होता. आमच्या मिस्त्रीला बेकर ठाऊक नव्हते. पण आधी जागा पाहायची हे त्याला ठाऊक होतं.

जेवणं झाली तेव्हा सुनेने पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. "बाबा, पावसात कपडे कुठे वाळत घालायचे?"

कुणीच बोललं नाही. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, तिथे हा प्रश्न हॉलच्या मापाआधी यायला हवा होता. मग तिला एकेक आठवत गेलं. सुके नारळ कुठे ठेवायचे? आमसुलं पावसाआधी वाळली नाहीत तर कुठे पसरायची? ओल्या छत्र्या, चिखलाच्या चपला, गॅसचा दुसरा सिलिंडर, तांदळाची कणगी? आपल्या जुन्या घरांत या सगळ्याचं उत्तर एकच होतं: पडवी. उतरत्या कौलांखालची, नैऋत्येकडून झोडपत येणारा पाऊस स्वतःवर घेऊन आतली भिंत कोरडी ठेवणारी. ती ना खोलीत मोजली जायची, ना अंगणात, आणि निम्मं घर तिथेच चालायचं. नव्या नकाशांतून ती गेली, कारण चित्रात ती काळोखी दिसते. मला हे फार चुकीचं वाटतं. चित्रात पाऊस नसतो, म्हणून घरानेही पाऊस विसरायचा?

उन्हं कलल्यावर गुरुजी उठले आणि त्यांनी हॉलची पश्चिमेची रेषा स्वतःच्या पायाने पुसली.

नव्याने फक्की मारली. हॉल 12 बाय 14, फणसाच्या अलीकडे. स्वयंपाकघर 10 बाय 14, खुंट्या ठोकल्या होत्या तिथे मागचं दार, त्याला लागून सहा फुटांची पडवी. तशीच एक पश्चिमेला, फणसाच्या बाजूने. आजींची खोली न्हाणीघराला लागून, दारं तीन फुटांची, मध्ये उंबरा नाही. जिना सरळ, सहा इंचांच्या पायऱ्यांचा. वर सध्या एकच खोली.

थोरल्याचा फोन आला तेव्हा तो नाराज होता. "एवढी जागा असून एवढासा हॉल? लोक काय म्हणतील, बाबा?" त्याने मनापासून केलेल्या गोष्टीला नकार मिळाला होता, दुखणं साहजिक होतं. गुरुजी म्हणाले, "तू शनिवारी ये. आजीचा वॉकर घे आणि जुन्या नकाशातून एकदा न्हाणीघरापर्यंत जाऊन ये. मिस्त्रीला ती फक्की पुन्हा मारायला सांगतो." तो आला. गेला तसा परत आला आणि नवी मापं त्यानेच वहीत उतरवून घेतली. आर्किटेक्टबाईंनीही तक्रार न करता नकाशा बदलला. आजी घरात राहणार आहेत, विहीर मागे आहे, गणपती दुसरीकडे बसतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पावसाआधी जोतं भरून झालं. दिवाळीनंतर भिंती उठल्या आणि स्वयंपाकघराचं काम निघालं. मिस्त्रीने टेप ओढत विचारलं, "ओटा किती उंच धरू, गुरुजी? चौतीस इंच?"

गुरुजींनी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. "मला काय विचारता? तिला बोलवा."

सून आली. भिंतीला लागून ताठ उभी राहिली, कोपरातून हात दुमडले, पोळी लाटतात तसे पुढे-मागे फिरवले. मग टेपवर बोट ठेवलं. "एकतीस. आणि खिडकी इथून सुरू करा, म्हणजे पडवीत खेळणारा मुलगा दिसेल."