श्रद्धा दोघांची, संसार एक (गीता 17.3)



आजचा श्लोक सतराव्या अध्यायातला तिसरा. भगवंत म्हणतात, ज्याचं अंतःकरण जसं, तशी त्याची श्रद्धा. माणूस श्रद्धेचाच घडलेला आहे. वाचता वाचता एका ताईचा मेसेज आठवला. "मुलगा फार चांगला आहे, पण देव मानत नाही. कसं होईल आमचं?"

पत्रिकेत 36 गुण बघतात. त्यात गणाला 6, म्हणजे स्वभावाचा विचार आपल्याकडे जुनाच. श्रद्धेला मात्र रकाना नाही! आमच्या वरणगावात सोयरीक आसपासच्या गावांतच व्हायची, दोन्हीकडचे कोथळीला मुक्ताईच्या दर्शनाला जाणारे. मग हा प्रश्न कोण विचारणार? आता मुलगी पुण्यात, मुलगा जर्मनीत.

पण संत बहिणाबाईंच्या घरात तो 17व्या शतकातच उभा राहिला होता. (आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, या तुकोबांच्या शिष्या.) नवरा वयाने कितीतरी मोठा, वैदिक ब्राह्मण. बायकोने मनोमन तुकोबांना गुरू केलं, आणि लोक तिच्या दर्शनाला येऊ लागले. नवऱ्याने तिला मारलं, सोडून जायला निघाला. हे सगळं तिने स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवलंय. मला वाटतं, त्याला भक्तीपेक्षा बायकोचा मोठेपणाच जास्त खुपला. तेवढ्यात तो तापाने अंथरुणाला खिळला. तिने सेवा केली, गुरूही सोडला नाही. पुढे त्याचं मन पालटलं आणि दोघं देहूला गेली.

याचा अर्थ मार खात बसा असा कुणी काढू नका हं. हात उचलणं म्हणजे श्रद्धेतला फरक नव्हे, तिथून सरळ बाहेर पडायचं. आणि सगळ्यांचंच मन पालटतं असंही नाही. तिसऱ्या अध्यायात भगवंतच म्हणतात की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणे वागतो. लग्नानंतर त्याला देवळात नेईन, या भरवशावर होकार देऊ नकोस.

ताई, त्याला एवढंच विचार: मी हरिपाठाला बसले की तू काय करशील? टीव्हीचा आवाज कमी करणारा मुलगा मला चालेल. चारचौघांत थट्टा करणारा, रोज गंध लावत असला तरी नको. आणि त्याने उलट विचारलं, "मी एकादशी धरली नाही तर तू तोंड फुगवशील का?" तर खरं उत्तर दे.

उद्या चौथा श्लोक, कोण कुणाला भजतो ते बघू. जय मुक्ताई! 🙏