हरण्याची मुदत

हरणाऱ्या संघाची गोष्ट आपल्यापर्यंत पोचते ती तो संघ जिंकायला लागल्यावर. म्हणून तिच्यात सगळं आधीपासून ठरल्यासारखं दिसतं. प्रशिक्षक द्रष्टा ठरतो, त्याला नेमणारा पारखी ठरतो आणि ‘याला आधी काढा’ म्हणून पत्रं लिहिणारे अडाणी ठरतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची अशी एक गोष्ट गेली चाळीसएक वर्षं सांगितली जाते. ती खरी आहे. सांगताना काही माणसं मात्र हमखास गाळली जातात, आणि मला रस आहे तो त्यांच्यात.

आधी भूगोल. डरम आणि चॅपल हिल या दोन गावांमध्ये जेमतेम दहा मैलांचं अंतर. डरममध्ये ड्यूक : तंबाखूच्या पैशावर उभं राहिलेलं, खासगी, श्रीमंत. पूर्वीच्या ट्रिनिटी कॉलेजला १९२४ मध्ये ड्यूक घराण्याचं नाव मिळालं. चॅपल हिलमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना : सरकारी, १७८९च्या सनदेची, स्वतःला राज्याच्या जनतेची समजणारी. एकाचा रंग गडद निळा, दुसऱ्याचा आकाशी. तिसऱ्या कोपऱ्यात, रॅली या राजधानीच्या गावात, नॉर्थ कॅरोलायना स्टेट. आयटीच्या निमित्ताने जवळच्या कॅरी-मॉरिसव्हिल भागात मराठी कुटुंबंही बरीच स्थिरावली आहेत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीलाही कधी ना कधी कुठला निळा ते ठरवावंच लागतं.

कॉलेजच्या खेळासाठी एवढा जीव का टाकायचा, हे आपल्याला चटकन कळत नाही. आपल्याकडे विद्यापीठांच्या सामन्यांना खेळाडूंचे मित्र आणि पंच यांच्यापलीकडे फारसं कुणी नसतं. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे पुण्याचा पुरुषोत्तम करंडक, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिराबाहेर ‘अरे आव्वाज कुणाचा’ म्हणून घसा फाडलेली माणसं साठीला आली तरी कुठल्या साली कुठल्या कॉलेजवर अन्याय झाला ते सांगतात. त्यात दूरचित्रवाणी, अमाप पैसा आणि वीस हजारांवर प्रेक्षकांचं सभागृह मिळवा, म्हणजे चॅपल हिलचा अंदाज येईल. ड्यूकचं कॅमेरून स्टेडियम त्यामानाने चिमुकलं, १९४० मध्ये उघडलेलं, ९,३१४ जणांचं. पण तिथे मैदानाला खेटून विद्यार्थी उभे असतात, आणि कॅरोलायनाच्या सामन्याला जागा मिळावी म्हणून ते आधी कित्येक आठवडे हिरवळीवर तंबू ठोकून राहतात. थंडीत. परीक्षेची पुस्तकं घेऊन.

आता गोष्ट. मार्च १९८० मध्ये ड्यूकचा प्रशिक्षक बिल फॉस्टर सोडून गेला. त्याने दोनच वर्षांपूर्वी संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. त्याच्या जागी क्रीडा संचालक टॉम बटर्सने आणलेला माणूस होता तेहतीस वर्षांचा माइक शशेव्स्की, शिकागोच्या पोलिश कुटुंबातला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत त्याचा शेवटचा मोसम नऊ विजय आणि सतरा पराभव असा होता. आडनाव लिहायला अवघड, उच्चारायला त्याहून अवघड. पुढे सगळे त्याला ‘कोच के’ म्हणू लागले. त्याच महिन्यात शेजारच्या स्टेटने जिम व्हॅल्व्हानो हा बडबड्या, हजरजबाबी प्रशिक्षक नेमला.

पहिलं वर्ष फॉस्टरने जमवलेल्या खेळाडूंवर निभावलं. दुसऱ्या वर्षी १० विजय, १७ पराभव. तिसऱ्या वर्षी ११ आणि १७. आकडे वाईट होतेच, पण शेजाऱ्यांमुळे ते जास्त बोचत होते. १९८२ मध्ये मायकेल जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने शेवटच्या क्षणांत चेंडू टाकला आणि कॅरोलायना राष्ट्रीय विजेता झाला. १९८३ मध्ये व्हॅल्व्हानोचा स्टेट विजेता झाला. डावीकडच्या घरात पहिला नंबर, उजवीकडच्या घरात पहिला नंबर आणि आपल्या घरात गुणपत्रिका लपवून ठेवलेली. मार्च १९८३ मध्ये अटलांटाला व्हर्जिनियाने ड्यूकला १०९-६६ असं धुतलं. त्रेचाळीस गुणांनी. देणगीदार माजी विद्यार्थ्यांचा एक गट प्रशिक्षकाला हाकला म्हणून उघडपणे मागे लागला. काहींचा आक्षेप तर तांत्रिक होता : पोरं कच्ची आहेत, त्यांना झोन बचाव खेळू द्या. कोच के ‘मॅन-टू-मॅन’ सोडेना. प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, मार खाल्ला तरी धरायचा.

मैदानावर मार खाणारी ती पोरं बहुतेक पहिल्या वर्षाची होती : जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बायलस, डेव्हिड हेंडरसन. त्याच्या आदल्या वर्षी कोच केला हवी असलेली मुलं एकामागून एक दुसरीकडे गेली होती. क्रिस मलिनसारखा नेमबाज न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सने नेला. म्हणून हा गट म्हणजे त्याची शेवटची पुंजी होती म्हटलं तरी चालेल.

जानेवारी १९८४ मध्ये बटर्सने त्याला बोलावून घेतलं आणि पाच वर्षांचा नवा करार पुढे ठेवला. दोन महिन्यांनी ड्यूकने जॉर्डनच्या कॅरोलायनाला विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ७७-७५ असं हरवलं. तीच चार पोरं शेवटच्या वर्षाला आली तेव्हा, १९८६ मध्ये, ड्यूकने ३७ सामने जिंकले आणि अंतिम सामना तीन गुणांनी गमावला. नंतर १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५ अशी पाच विजेतेपदं. २०२२ मध्ये कोच के निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १,२०२ विजय होते. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत तेवढे कुणाचेच नाहीत.

इथे थांबून ‘सबुरीचं फळ’ म्हणावं, अशी सगळी सोय आहे. व्यवस्थापनाच्या शिबिरांमध्ये नेमकं हेच म्हटलं जातं. मला प्रश्न पडतो तो बटर्सचा. त्या जानेवारीत त्याच्यापुढे काय होतं? दोन वाईट वर्षं, जरा बरी सुरुवात झालेलं चौथं, आणि आपल्या निवडीबद्दलचा हट्ट. तोच करार तशाच परिस्थितीत दुसऱ्या कुणी केला असेल, तो फसला असेल, आणि त्या क्रीडा संचालकाचं नाव आज कुणाला ठाऊक नसेल. फळलेल्या सबुरीला दूरदृष्टी म्हणतात. न फळलेल्या सबुरीला नालायकीकडे केलेला काणाडोळा. दोन्हींचा पहिला दिवस मात्र अगदी सारखा दिसतो.

गंमत म्हणजे कोच के ज्याच्या सावलीत धडपडत होता, तो कॅरोलायनाचा प्रशिक्षक डीन स्मिथ स्वतः याच वाटेने आला होता, आणि तेव्हा सावली ड्यूकची होती. १९५७ मध्ये फ्रँक मॅग्वायरच्या कॅरोलायनाने बत्तीसपैकी बत्तीस सामने जिंकून विजेतेपद मिळवलं, पण नंतर खेळाडू-भरतीच्या खर्चावरून एनसीएए या नियामक संस्थेने शिक्षा केली आणि १९६१ मध्ये मॅग्वायर गेला. कुलगुरू विल्यम एकॉकने तीस वर्षांच्या सहाय्यकाला, स्मिथला, खुर्चीवर बसवलं. पहिल्या मोसमात आठ विजय, नऊ पराभव. तिकडे व्हिक बुबासचा ड्यूक १९६३, १९६४ आणि १९६६ अशा तीन वेळा शेवटच्या चारांत. जानेवारी १९६५ मध्ये कॅरोलायनाच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच आवारात स्मिथचा पुतळा फासावर लटकवला. हाच स्मिथ १९९७ पर्यंत राहिला, ८७९ सामने जिंकला. आणि राष्ट्रीय विजेतेपद? ते पहिल्यांदा मिळालं एकविसाव्या मोसमात.

म्हणजे दोन्ही गावांना हा धडा पाठ असायला हवा होता. तरी २००३ मध्ये कॅरोलायनात काय झालं पाहा. मॅट डोहर्टी हा १९८२च्या विजेत्या संघात जॉर्डनबरोबर खेळलेला, घरचाच मुलगा. २००० मध्ये त्याला प्रशिक्षक केलं. पहिल्या वर्षी २६ विजय. दुसऱ्या वर्षी ८ विजय आणि २० पराभव. सलग सत्तावीस वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत खेळणारा संघ बाहेर राहिला. ड्यूक आदल्याच वर्षी विजेता झालेला. शिवाय डोहर्टीने स्मिथच्या काळापासूनचे सहाय्यक बाजूला करून स्वतःची माणसं आणली होती, ते जुन्यांना लागलं होतं. खेळाडूंशीही त्याचं पटेना. तिसऱ्या वर्षी १९-१६, आणि एप्रिल २००३ मध्ये राजीनामा. कॅन्ससहून रॉय विल्यम्सला आणलं. दोन वर्षांत, २००५ मध्ये, कॅरोलायना विजेता.

त्या अंतिम सामन्यात सुरुवातीला उतरलेले पाचही जण, रेमंड फेल्टन, शॉन मे, रशाद मॅकँट्स, जवाद विल्यम्स, जॅकी मॅन्युएल, डोहर्टीनेच आणलेले होते. मग पडझड कुणी सावरली? पोरं हेरून, त्यांच्या आईबापांना पटवून आणणाऱ्याने, की त्यांना जिंकायला शिकवणाऱ्याने? मला वाटतं डोहर्टीला आणखी दोन वर्षं दिली असती तरी विजेतेपद मिळालंच असतं असं नाही. पोरंच त्याला कंटाळली होती. म्हणजे कॅरोलायनाने सबुरी सोडली आणि तिला फळ मिळालं. सबुरीवाल्यांना ही गोष्ट अडचणीची, म्हणून ती शिबिरांत येत नाही.

शेजारच्या वैराने या सगळ्यात केलं काय? एक तर मुदत कमी केली. दहा मैलांवर झेंडे फडकत असताना ‘पाच वर्षं थांबा’ हे कोण ऐकणार? पण त्याच वैराने मोजपट्टीही दिली. दूरच्या कुणाशी तुलना करताना सबबी सुचतात. शेजाऱ्याशी करताना हवा तीच, वर्तमानपत्रं तीच, पोरंही त्याच गावांतली. आणि या वैराला एक जुनी सभ्यता आहे, ती बाहेरच्यांना दिसत नाही. व्हॅल्व्हानो कर्करोगाने खंगला तेव्हा उपचार ड्यूकच्या रुग्णालयात झाले आणि कोच के उशाशी बसत असे. १९९३ मध्ये व्हॅल्व्हानो तिथेच वारला. फेब्रुवारी २०१५ मध्ये स्मिथ वारल्यानंतरच्या पहिल्या ड्यूक-कॅरोलायना सामन्याआधी दोन्ही संघ कॅमेरूनच्या मैदानावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गुडघे टेकून बसले होते.

पण वैर कुणाशी धरायचं हेही कुणीतरी ठरवतंच. डरममध्येच वर्णभेदाच्या काळात आणखी एक कॉलेज होतं, कृष्णवर्णीयांसाठीचं, आजचं नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल. त्याचा प्रशिक्षक जॉन मॅकलेंडन कॅन्ससला प्रत्यक्ष जेम्स नेस्मिथकडून, म्हणजे ज्याने १८९१ मध्ये हा खेळ शोधला त्याच्याकडून, शिकलेला. कातडीच्या रंगामुळे त्याला तिथल्या विद्यापीठाच्या संघात मात्र जागा नव्हती. १२ मार्च १९४४ च्या रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, ड्यूकच्या वैद्यकीय शाखेचा गोरा संघ लपतछपत मॅकलेंडनच्या व्यायामशाळेत आला. दारं आतून बंद केली. कायद्याने आणि रिवाजाने असा सामना होणं शक्यच नव्हतं. मॅकलेंडनची पोरं ८८-४४ ने जिंकली. मग दोन्ही संघ आपसांत मिसळून आणखी एक डाव खेळले. ही हकीकत पन्नासएक वर्षं उजेडात आली नाही. इतिहासातल्या ‘महान’ लढतींच्या याद्या वाचताना मला ही लढत आठवते. त्या काळात डरममधला सगळ्यात चांगला संघ कुठला, हे विचारायचीच सोय नव्हती.

आता उरली ती पोरं. डॉकिन्स, अलारी, बायलस, हेंडरसन ११-१७ च्या वर्षानंतर टिकून राहिली, म्हणून ड्यूक उभं राहिलं. त्यांनी निष्ठा दाखवली, हे खरंच. पण दुसरीकडे जायचं तर एक अख्खं वर्ष बाहेर बसायचं असा नियम होता, आणि शिष्यवृत्तीपलीकडे एक डॉलर घ्यायला बंदी होती. बटर्सला जी सबुरी परवडली ती या कुंपणाच्या जोरावर. प्रशिक्षकाला मुदत मिळत होती, कारण खेळाडूंना सुटका नव्हती.

२०२१ पासून कुंपण गेलं. आधी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली आणि एकदा संघ बदलताना बाहेर बसायची अट सुटली. २०२४ पासून तर कितीही वेळा बदला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. एका उन्हाळ्यात सगळा संघ बदलता येतो. जुने चाहते हळहळतात की आता कुणी ‘आपला’ राहत नाही. त्यांना २०२२ ची आठवण करून द्यावीशी वाटते. कोच केचा घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना कॅरोलायनाने जिंकला, आणि महिन्याभराने न्यू ऑर्लिन्सला उपांत्य फेरीत ८१-७७ ने हरवून त्याची कारकीर्दच संपवली. त्या कॅरोलायना संघात ब्रॅडी मॅनेक होता. चार वर्षं ओक्लाहोमाकडून खेळून एकाच वर्षासाठी आलेला. दोन महिन्यांत तीन सामने, एवढंच त्याचं ड्यूकशी वैर. चॅपल हिलमध्ये त्याला कुणी पाहुणा म्हणालं नाही.

आणि १९८३ च्या वसंतात, व्हर्जिनियाकडून त्रेचाळीस गुणांचा मार खाल्ल्यावर, डॉकिन्सला मोकळीक असती तर? कॅरोलायनात तेव्हा अजून जॉर्डन होता, जिंकायची खात्री होती, अंतर दहा मैलांचं. आजच्या भावात पैसेही मिळाले असते. तो गेला असता तर कोच के बहुधा १९८४ नंतर ड्यूकमध्ये टिकलाच नसता, आणि बटर्स आपण आत्ता ज्या नाव विसरलेल्या क्रीडा संचालकाबद्दल बोललो तोच झाला असता. तरी डॉकिन्सला मी दोष दिला नसता.