काहीही नसण्याचा हक्क

१२२६ साली, शेवटच्या आजारपणात, असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या संघातल्या बांधवांसाठी मृत्युपत्र सांगितलं. वाटून द्यायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं, त्यामुळे त्यात आठवणी आहेत आणि आज्ञा आहेत. एक आज्ञा फार कडक आहे: कुणीही रोमच्या दरबाराकडून कसलंही पत्र मागू नये. चर्चच्या जागेसाठी नाही, प्रवचनाच्या परवानगीसाठी नाही, छळ होत असला तरी नाही. ज्याला जगाकडून काही नको, त्याला कागदाचा आधार कशाला, ही त्यामागची धारणा.

चार वर्षांनी, १२३० मध्ये, पोप नववा ग्रेगरी याने निर्णय दिला की हे मृत्युपत्र बांधवांवर बंधनकारक नाही. हा ग्रेगरी फ्रान्सिसचा वैरी नव्हता. कार्डिनल उगोलिनो असताना त्यानेच या संघाची पाठराखण केली होती आणि १२२८ साली फ्रान्सिसला संत म्हणून घोषितही त्यानेच केलं. पण एव्हाना युरोपभर हजारो बांधव झाले होते. त्यांना छप्पर हवं होतं, ग्रंथ हवे होते, आजाऱ्यांची सोय हवी होती. मग वाटा निघाल्या. पैसा बांधवांनी घ्यायचा नाही, त्यांच्या वतीने कुणी स्नेह्याने सांभाळायचा. १२४५ मध्ये पोप चौथ्या इनोसंटने ठरवलं की बांधव वापरतात ती मालमत्ता पोपच्या गादीची. वापर यांचा, मालकी त्यांची. याला मी ढोंग म्हणणार नाही. माणसं खरोखर अडचणीत होती. पण फ्रान्सिसला अभिप्रेत होतं ते उघडंवाघडं दारिद्र्य या तरतुदींत झाकलं गेलं, हेही खरं.

आता फ्रान्सिसच्याच गावातली क्लारा पाहा. सरदार घराण्यातली ही मुलगी १२१२ च्या झावळ्यांच्या रविवारी रात्री घर सोडून निघाली. पोर्त्सियुंकोला इथल्या लहानशा चर्चमध्ये फ्रान्सिसने तिचे केस कापले. पुढची चाळीसेक वर्षं ती गावाबाहेरच्या सान दामियानो मठात राहिली. धाकटी बहीण तिच्यामागोमाग आली, पुढे आई ओर्तोलानाही आली. स्त्रियांना बांधवांसारखं गावोगाव फिरता येत नव्हतं. मठाची चौकट ओलांडायची नाही, हा रोमचा आग्रह होता. बंद दाराआड राहणाऱ्या बायकांनी जमीन नाही, उत्पन्न नाही, अशा अवस्थेत जगायचं कसं, ही रोमची चिंता समजण्यासारखी होती. ग्रेगरी स्वतः तिला भेटून मालमत्ता स्वीकार म्हणाला. व्रत आडवं येत असेल तर तुला व्रतातून मोकळी करतो, असंही म्हणाला. तिच्या जुन्या चरित्रात तिचं उत्तर नोंदलं आहे, त्याचा आशय असा: माझ्या पापांतून मोकळं करा, ख्रिस्तामागे चालण्यातून मला मोकळं व्हायचं नाही.

मला क्लारा फ्रान्सिसपेक्षा मोठी वाटते ती इथे. तिने फ्रान्सिसचं स्वप्न जसंच्या तसं धरलं, आणि ते टिकवण्यासाठी त्याने निषिद्ध मानलेला मार्ग पत्करला. तिने कागद मागितला. सप्टेंबर १२२८ मध्ये त्याच ग्रेगरीकडून तिने लेखी हक्क मिळवला, की या भगिनींवर मालमत्ता स्वीकारण्याची सक्ती कुणीही करू शकणार नाही. राजे आणि मठाधिपती जमिनीच्या सनदा मागत, त्या काळात एका बाईने जमीन नाकारण्याची सनद घेतली. बोहेमियाच्या राजाची मुलगी आग्नेस हिने सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचं स्थळ नाकारून प्रागमध्ये असाच मठ वसवला. क्लाराने तिला लिहिलेली चार पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत प्रेम आहेच, शिवाय आदरणीय माणसं काहीही सांगोत, धरलेलं सोडू नकोस असा खंबीर सल्लाही आहे.

१२४७ मध्ये इनोसंटने भगिनींसाठी नवी नियमावली दिली. तिच्यात सामाईक मालमत्तेला मुभा होती. क्लारा तोवर वर्षानुवर्षं आजारी होती. तिने स्वतःच नियमावली लिहायला घेतली. स्त्रियांच्या मठासाठी स्त्रीने लिहिलेली आणि पोपने मान्य केलेली ही पहिलीच नियमावली मानली जाते. तिच्यातले तपशील वाचण्यासारखे आहेत. मठाच्या एकांतापुरती जमीन असावी. ती कसायची नाही, फक्त भगिनींच्या गरजेपुरती बाग करायची. मठप्रमुख सगळ्या भगिनींनी निवडायची. आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांना बोलावून विचारविनिमय करायचा, कारण देव पुष्कळदा धाकट्यांच्या तोंडून बोलतो. सगळ्यांच्या संमतीवाचून मोठं कर्ज काढायचं नाही. दारिद्र्य आणि सर्वांना विचारून चालणं या दोन गोष्टी तिने एकत्र बांधल्या, आणि मला ते अगदी पटतं. जिथे मालमत्ता जमते तिथे तिचा कारभारी लागतो, आणि कारभाऱ्याचं वजन आपसूक वाढतं.

९ ऑगस्ट १२५३ रोजी पोपची मोहोर असलेली मान्यता आली. दोनच दिवसांनी क्लारा गेली.

तिचा विजय पुरता झाला असं मात्र म्हणता येत नाही. १२६३ मध्ये पोप चौथ्या अर्बनने भगिनींच्या संघाला तिचं नाव दिलं आणि त्याचबरोबर उत्पन्न व मालमत्ता चालेल अशी दुसरी नियमावली दिली. बहुतेक मठांनी तीच स्वीकारली. पण क्लाराची नियमावली रद्द झाली नव्हती. दीडशे वर्षांनी फ्रान्समधल्या कोर्बी गावची कोलेत मठांच्या सुधारणेला उभी राहिली, तेव्हा तिला नवी नियमावली रचावी लागली नाही. पोपने मान्य केलेला मजकूर हाती होता. त्याच्या बळावर तिने मठ सुधारले, नवे उभारले, आणि तिच्या परंपरेतल्या भगिनी आजही क्लाराच्याच नियमाने राहतात.